पाच दिवसांचा गजर

लांब बसू नका, असे पुढे सरका. सतरंजीवर जागा आहे. माझा आवाज आता चढत नाही, आणि जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखंही नाही. बुवा आख्यान लावतात तसं मला लावता येणार नाही. मी जन्मभर समोर बसून कीर्तन ऐकलेला माणूस, उभं राहून केलेला नव्हे. तरी एक गोष्ट सांगतो. पंधरा वर्षं पोटात ठेवली होती, आज सगळी सांगतो.

मिरजेत ब्राह्मणपुरीतली मथुताईंची दोन खोल्यांची जागा. संध्याकाळी सहाचा सुमार.

"मावशी, कुशीवर व्हा बघू," सिस्टर सालोमी म्हणाली.

"कुशीवर व्हायला मी मोकळी आहे होय गं? या जाकिटासकट मला कपाटासारखं हलवावं लागतं," मथुताई म्हणाल्या. "यशवंता, धर त्या बाजूनं. नाना, तुम्ही भिंतीकडे तोंड करा."

"केलंय, केलंय," पेटीमागून नाना वाटवे म्हणाले. "पाच महिने भिंतीकडेच तोंड आहे माझं. पोपडेसुद्धा पाठ झाले."

मी ताईंना धरलं आणि मान वळवली. ताईंनी उशीचा कोपरा दातांत घेतला. सुई बाहेर निघाली तशी नानांनी भाता ओढला, बंडू गुरवानं तबल्यावर थाप मारली आणि मी झांज उचलली. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, आणि आमचा नामाचा गजर. माझी जागा ताईंच्या उशाशी, डाव्या अंगाला. त्यांचा कान आणि माझी झांज यांत दीड हाताचं अंतर.

"अहो, जरा दम धरा की," सालोमी पिशवी आवरत ओरडली, "माझेच कान बसले!"

"सिस्टर, तुमचं इंजेक्शन झालं, आता आमचं," नाना म्हणाले. पलंगावरून ताई हसल्या आणि बोट वर करून मला म्हणाल्या, "जोरात, यशवंता. जोरात!"

मी जोरात वाजवली.

मथुताई सोहनींना तुम्ही ऐकलेलं नाही. सांगली-मिरजेकडे तीस वर्षं त्यांनी कीर्तन केलं. नऊवारी, हातात चिपळ्या, गळ्यात हार, आणि असा स्वच्छ आवाज की मागच्या रांगेतली आंधळी म्हातारीसुद्धा म्हणायची, आज ताईंनी निळं लुगडं नेसलंय. पूर्वरंगात रडवायच्या आणि उत्तररंगात हसवायच्या, म्हणजे बाकीच्यांच्या उलट. लग्न केलं नाही. "माझं सासर रोज वेगळ्या गावी असतं," म्हणायच्या. सत्तावन्नाव्या वर्षी त्यांना मणक्याचा क्षय झाला. नेहमीच्या गोळ्यांना तो दाद देईना, म्हणून डॉक्टरांनी रोज एक इंजेक्शन लावलं, सहा महिन्यांसाठी. कार्तिकात तुळशीचं लग्न झालं आणि ताई प्लास्टरचं जाकीट घालून फळीवर आडव्या झाल्या. हा क्षय हाडातला, खोकल्यातून पसरणारा नव्हे, तेव्हा लोकांना यायला मोकळीक होती.

ते इंजेक्शन तासभर ठणकायचं. पहिल्या दिवशी ताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मला बघवेना. मी म्हटलं, "ताई, ठणका आहे तोवर आम्ही गजर करतो. तुमचं लक्ष तिकडे राहील." खरंच राहिलं. दुसऱ्या दिवसापासून तो नेम झाला. सुई झाली की तासभर गजर. कल्पना माझी होती, एवढं ध्यानात असू द्या.

झांज माझ्या हातात कशी आली तेही सांगतो. तीस वर्षं मी ताईंच्या समोर बसत होतो. वाद्याला हात लावायची फार इच्छा, पण नाना लावू देत नसत. "यशवंतराव, तुमची भक्ती मोठी आहे, पण ती सम चुकवते," असं चारचौघांत म्हणायचे. मी कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होतो, माशांची निगा बघायचो, म्हणून नानांनी माझं नाव मत्स्यावतार ठेवलेलं. पण त्याच कार्तिकात आमचे जुने झांजवाले मुलाकडे पुण्याला गेले, आणि आजारी माणसाच्या खोलीत रोज यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. नानांनी झांज माझ्याकडे सरकवली. "घ्या मत्स्यावतार. इथे ऐकायला फक्त ताई आहेत, त्या पळून जाऊ शकत नाहीत."

त्या दिवशी मी घरी जाऊन देवापुढे साखर ठेवली होती.

डॉक्टरांनी सुरुवातीलाच कागदावर लिहून दिलं होतं की दर महिन्याला कान तपासून घ्या. त्यासाठी ताईंना दवाखान्यात न्यायचं, बंद खोलीत अर्धा तास बसवायचं. बसवणार कसं? नाना म्हणाले, "अहो, कान कसला तपासता? जिचा सूर तीस वर्षांत हलला नाही तिचा कान मशीन काय तपासणार? मी पेटीवर सूर देतो, ताई गातील. कानाला काही झालं तर आधी सूर जाईल." आम्हा सगळ्यांना ते पटलं. गाणाऱ्या माणसाची परीक्षा गाण्यातच व्हायची. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला नाना मंद्रापासून तारापर्यंत सूर द्यायचे आणि पडल्या पडल्या ताई तो बिनचूक लावायच्या. नाना डॉक्टरांच्या कागदावर लिहायचे, कान उत्तम. पाच वेळा लिहिलं.

आता कॉलेजातलं सांगतो.

आमच्याकडे डॉक्टर निलोफर मुजावर नावाच्या तरुण बाई बंगळूरहून प्रकल्प घेऊन आल्या होत्या. मूळच्या मिरजेच्याच. झेब्रा मासे त्यांच्याच प्रकल्पाचे. पिल्लं तांदळाच्या कणीएवढी, काचेसारखी आरपार दिसणारी. त्या पिल्लांच्या अंगावर पेशींचे बारीक झुबके असतात, पाणी हललं की माशाला त्यांनी समजतं. त्याच जातीच्या पेशी आपल्या आतल्या कानात, शंखासारख्या गुंडाळीत असतात. प्रत्येकीच्या डोक्यावर केसांचा तुरा. केसाला केस बारीक धाग्यानं बांधलेला. आवाज आला की तुरा कलतो, धागा ताणला जातो आणि केसाच्या टोकाला एक दार उघडतं. त्यातून क्षाराचे कण आत घुसतात, पेशी जागी होते, मेंदूला निरोप जातो. त्याला आपण ऐकणं म्हणतो. मॅडम त्या दाराला आयनांची वाहिनी म्हणायच्या. एका सेकंदात हजारो वेळा उघडझाप, जन्मभर. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सूक्ष्मदर्शकाला हात जोडले.

"टेंबेकाका," मॅडम हसल्या होत्या, "प्रत्येक स्लाइडला नमस्कार करत बसलात तर माझा प्रकल्प पुढच्या जन्मी पुरा होईल."

"तुमच्यात पुढचा जन्म नसतो ना, मॅडम?"

"म्हणूनच म्हणतेय, आटपा."

रामनवमीला पाच दिवस होते. मॅडमनी मला सकाळीच बोलावलं. दोन बश्या होत्या, दोन्हींत पिल्लं. एक टेबलावर स्थिर, दुसरी हलत्या फळीवर, सारखी थरथरणारी. मॅडमनी आधी नुसता रंग घातला आणि मला बघायला सांगितलं. अर्ध्या मिनिटात झुबक्यातल्या पेशी एकेक करून पिवळ्या उजळल्या. देवळातल्या दीपमाळेसारख्या.

"दारातून रंग आत गेला," त्या म्हणाल्या. "दार नसतं तर गेला नसता. आता औषध बघू. तेही असंच आत जातं."

त्यांनी खोक्यातून एक बाटली काढली. छोटी, लाल झाकणाची. मी ती रोज बघत होतो. रोज संध्याकाळी सालोमी ती फोडायची आणि रिकामी माझ्या हातात द्यायची, टाकायला.

"मॅडम, हे..."

"क्षयाला देतात. गोळ्या चालत नाहीत त्यांना. का?"

"काही नाही. बघत होतो."

दोन्ही बश्यांत औषध सारखंच घातलं. दुपारी जेवण झाल्यावर मी जिवंत पेशी मोजायला बसलो, ते काम माझंच असायचं. स्थिर बशीतल्या माशांच्या झुबक्यात बारांपैकी नऊ शिल्लक होत्या. हलत्या बशीत दोन. मी दुसरा मासा घेतला. तीन. तिसरा घेतला. दोन.

"हललं की जास्त मरतात?" मी विचारलं.

"दार जितकं उघडं, तितकं औषध आत. आत गेलेलं बाहेर येत नाही, पेशी आतून मरते. माशाला नवी येते. आपल्याला येत नाही."

"आवाजानंही असं होतं का मॅडम? माणसात?"

"मासा म्हणजे माणूस नव्हे, काका. पण उंदरांवर, गिनिपिगवर लोकांनी पाहिलंय. हे औषध चालू असताना मोठा आवाज असला तर दोन्हींच्या बेरजेपेक्षा नुकसान जास्त होतं. इंजेक्शननंतर तासभर तर औषध रक्तात सगळ्यात जास्त असतं." त्या थांबल्या. "का विचारताय?"

मी सांगितलं. लाल झाकण, ताई, गजर, सगळं. त्यांनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला.

"मथुताई? आमच्या आजीला त्यांचं कीर्तन फार आवडायचं. देवळाबाहेर कट्ट्यावर बसून ऐकायची ती. कान तपासलेत त्यांचे?"

"दर महिन्याला. नाना पेटीवर सूर देतात, ताई बिनचूक गातात."

"पेटीवर?"

"हो."

"काका, वरचे सूर आधी जातात. वरचे म्हणजे पेटीच्या शेवटच्या पट्टीच्याही खूप वरचे. चिमण्या, बांगड्या, बोलण्यातले स आणि श. झांजेची झणझण. पेटीचा सूर सगळ्यात शेवटी जातो. तो चुकायला लागेल तेव्हा वाचवायला काही उरलेलं नसेल." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ताई हल्ली सारखं काय काय म्हणून विचारतात का? तोंडाकडे बघत बसतात का?"

"नाही," मी म्हणालो. मला खरंच आठवेना.

"आज जाऊन सांगा. तपासल्याशिवाय पुढचं एकही इंजेक्शन द्यायचं नाही. औषध बदलता येतं, डॉक्टर बदलतील. आणि तो गजर आजपासून बंद. मी येऊ तुमच्याबरोबर? त्यांना मी नीट समजावून सांगेन."

"नको मॅडम. माझं ऐकतील त्या. मी सांगतो."

खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. सायकल काढली आणि तोंडानं वाक्यं जुळवत ब्राह्मणपुरीत आलो. चपला काढतो तोच नाना दारात.

"या या, मत्स्यावतार! ऐकलंत का? ठरलं!"

"काय ठरलं?"

"डॉक्टरांनी दोन तास बसायची परवानगी दिली. रामनवमीला जन्माचं कीर्तन ताई करणार. राममंदिरात! खुर्चीवर बसून. पेटी मी, तबला बंड्या, आणि झांजेला..." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पुण्याहून आपले जुने झांजवाले येतो म्हणत होते. ताई म्हणाल्या, नको, पाच महिने ज्यानं वाजवली तोच उभा राहील माझ्या मागं."

मी आत गेलो. ताई पडल्या होत्या, पण तोंडावर असा उजेड की पाच महिन्यांत मी तो बघितला नव्हता. हातात चिपळ्या घेऊन त्या आढ्याकडे बघत काहीतरी जुळवत होत्या.

"ताई, एक सांगायचं होतं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "काय?"

"एक सांगायचं होतं."

"काय म्हणालास?"

दोनदा विचारलं. दुपारी मॅडमनी हेच विचारलं होतं आणि मी नाही म्हणालो होतो. माझ्या डोक्यात सगळं एकदम होतं. मी बोललो तर उद्या दवाखाना, तपासणी, कदाचित भरती. राममंदिर नाही. ताईंच्या तोंडावरचा हा उजेड नाही. एवढाच विचार असता तर मी स्वतःला कधीतरी माफ केलं असतं. पण त्याच्या बरोबरीनं दुसरं चित्र होतं. भरलेला सभामंडप, ताईंच्या मागं मी, सगळ्यांच्या देखत सम गाठतोय आणि नाना मान डोलावतायत.

"झांजेची दोरी जुनी झालीय," मी मोठ्यानं म्हणालो. "नवी घालून आणू का, म्हणत होतो."

"आण की! लाल आण. जन्माला लाल पाहिजे."

पाचच दिवस, असं मी मनाशी म्हटलं. पाच महिने गेले, पाच दिवसांनी काय होतंय. दशमीला सकाळी सांगू.

त्या संध्याकाळी सालोमी आली, सुई झाली, लाल झाकणाची बाटली माझ्या हातात आली. गजर सुरू झाला तेव्हा मी झांज हळू वाजवली. कडा नुसत्या टेकवल्या. मला वाटलं, एवढं तरी करू.

ताईंनी डोळे उघडले. माझ्या हाताकडे बघितलं.

"काय रे, जेवला नाहीस का आज?"

"जेवलो, ताई."

"मग वाजव की! सुतक असल्यासारखा काय वाजवतोस? जोरात!"

"यशवंतराव आतापासूनच घाबरले," नाना म्हणाले. "मंडपात चारशे माणूस असेल, तेव्हा हातातून सुटून कुणाच्या तरी डोक्यात पडेल झांज."

बंडू हसला. मला राग आला आणि मी वाजवली. जोरात वाजवली. माझ्या डोळ्यांसमोर थरथरणारी बशी होती, तरी वाजवली. दुसऱ्या दिवशी वाजवली. तिसऱ्या दिवशी एक तुकडा अचूक समेवर आला तेव्हा नाना "वा!" म्हणाले आणि तासाभरासाठी मी ती बशीसुद्धा विसरलो. कॉलेजात मॅडमनी विचारलं, "सांगितलंत ना?" मी म्हणालो, "हो मॅडम, डॉक्टरांशी बोलणं चाललंय." त्या म्हणाल्या, "अल्लाह करो, वेळेत होईल."

रामनवमी आली. ताईंना खुर्चीसकट चौघांनी उचलून मंडपात आणलं तेव्हा बायका रडायला लागल्या. जाकिटावरून हिरवं नऊवारी, कपाळाला बुक्का, गळ्यात मोगऱ्याचा हार. दहा वाजता त्यांनी सुरुवात केली. आवाज थोडा बसका होता, पण काय सांगू! अयोध्येत नवस करून थकलेल्या तीन बायकांचं दुःख त्यांनी असं सांगितलं की पुरुषांनीही उपरणी डोळ्याला लावली. सूर कुठे हलला नाही. पेटीचे सूर त्यांच्याकडे होते, अजून होते.

पण मी मागं उभा होतो, आणि आता बघत होतो. बंडूनं एकदा ठेका बदलला तेव्हा ताईंना तो लगेच कळला. समोरून एका मुलीनं काही विचारलं तेव्हा त्या नुसत्या हसल्या आणि पुढे गेल्या. मंडपाच्या कमानीत चिमण्यांनी कलकलाट मांडला होता. लोक वर बघत होते, ताईंनी एकदाही वर बघितलं नाही.

बाराला जन्म झाला. गुलाल उडाला, घंटा, शंख, नगारा, चारशे माणसांचा जयजयकार. ताईंनी मान मागे वळवून माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं. जोरात, असंच म्हणाल्या असणार. मी वाजवली. त्या दिवशी माझी एकही सम चुकली नाही. नानांनी पाळणा संपल्यावर माझ्या पाठीवर थाप मारली. "यशवंतराव, आज शब्द मागे घेतो." तीस वर्षं मी त्या वाक्याची वाट बघत होतो.

सुंठवडा वाटून झाला. गाडी यायची होती, म्हणून ताईंना बाजूच्या ओवरीत बसवलं होतं. नाना आणि बंडू वाद्यं गुंडाळत होते. ताईंनी मला जवळ बोलावलं.

"बैस. समोर बैस, तोंड दिसेल असा. नानांना सांगू नकोस, त्यांना फार लागेल. पेटीवर माझा कान तपासला त्यांनी."

मी खाली बसलो.

"यशवंता, तुझ्या झांजा मला महाशिवरात्रीपासून ऐकू येत नाहीत."

हातातली झांज मी खाली ठेवली.

"आधी झणझण गेली. मला वाटलं, तू हळू वाजवतोयस, म्हणून म्हणायची जोरात. मग कळलं की तू घाम येईस्तोवर वाजवतोस आणि मला नुसते हात दिसतात. सालोमी बोलते ते अर्धं कळत नाही. बांगड्या नाहीत, भांडी नाहीत. पेटी आणि तबला येतो. पण बोलले असते तर तुम्ही सगळे थांबला असता. इंजेक्शन झाल्यावर ती रिकामी खोली... मला भीती वाटली रे. आणि रामनवमी एकदा करायची होती. मी जोरात म्हटलं की तुला किती आनंद व्हायचा, तेही बघत होते मी." त्यांनी माझा हात धरला, गुलालानं माखलेला. "फसवलं मी तुला. एवढ्या भावानं तू वाजवत होतास आणि मी खोटी मान डोलावत होते. मला माफ करशील का?"

मंडळी, हाच तो क्षण. तेव्हा मी म्हणायला हवं होतं, ताई, मला पाच दिवसांपासून माहीत आहे. मॅडमनी मला हात धरून दाखवलं होतं. ज्या दारानं नाम आत जातं त्याच दारानं ते औषध आत जातं, आणि दार सताड उघडं ठेवायचं काम पाच महिने मी केलं, त्यातले पाच दिवस जाणूनबुजून केलं. ताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या, ओठ हलायची वाट बघत.

मी म्हणालो, "असू दे, ताई. मी नाही मनाला लावून घेत."

त्यांनी ते ओठांवरून वाचलं. माझा हात कपाळाला लावला.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः गाडी करून त्यांना दवाखान्यात नेलं. कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढला, उतरत उतरत गेलेली रेघ. "फार उशीर केलात," एवढंच म्हणाले. इंजेक्शन त्याच दिवशी बंद झालं, दुसरं औषध सुरू झालं, मणका त्यानं बरा झाला. पण आत शिरलेलं औषध इंजेक्शन थांबल्यावरही आठवडे काम करत राहतं. वैशाखात तबला गेला. ज्येष्ठात नाना नेहमीसारखे पेटी घेऊन बसले, सूर दिला, आणि ताईंनी जो लावला तो ऐकून बंडूनं मान खाली घातली. नाना पट्टी दाबून धरून बसले होते, भात्यातली हवा संपेपर्यंत. मग त्यांनी पेटी बंद केली आणि पुन्हा कुणासाठी उघडली नाही.

ताईंच्या कानाचं मी मॅडमना सांगितलं आणि विचारलं, "मॅडम, पाच इंजेक्शनांनी काही फरक पडला असता का?"

"कुठल्या पाच?"

मी खाली बघत राहिलो. त्यांना समजलं.

"पडला असता किंवा नसता," त्या म्हणाल्या. "आता कुणालाच सांगता येणार नाही, काका. तुम्हालाही नाही, मलाही नाही." त्या दिवसापासून पेशी मोजायला त्या स्वतः बसू लागल्या. मला मासे सांभाळायला ठेवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ताई पुढे नऊ वर्षं जगल्या. ताठ चालायच्या, पण कीर्तन सुटलं. कुठेही कीर्तन असलं की पहिल्या रांगेत येऊन बसायच्या आणि बुवांच्या तोंडाकडे एकटक बघायच्या. उत्तररंगात लोक हसले की अर्ध्या क्षणानं त्याही हसायच्या. मला बघितलं की हात धरून शेजारच्यांना सांगायच्या, आवाज किती मोठा होतोय हे त्यांना कळत नसल्यानं सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं सांगायच्या, "हा यशवंत. मी याला दीड महिना फसवलं, पण एका शब्दानं बोलला नाही. असं मन देवाचंच असतं." लोक माझ्याकडे आदरानं बघायचे. मी हात जोडायचो. नऊ वर्षांत किती वेळा जोडले असतील, मोजलेलं नाही. त्या गेल्या त्या दिवशी त्यांच्या खोलीत मी एकटा अर्धा तास बसलो होतो. तेव्हा तरी बोलायचं. तेव्हाही बोललो नाही.

म्हणून आता तुमच्याकडे एक मागतो. कधी मिरजेला गेलात आणि कुणी तुम्हाला यशवंत टेंबेच्या मोठ्या मनाची ही गोष्ट सांगायला लागलं, तर त्याला तिथेच थांबवा. त्याला सांगा की माफी ज्यानं मागायची होती तो मागायचा राहिला. आणि मथुताई सोहनींना आठवा.